होम थिएटर रिसीव्हर आणि प्रोसेसर यांची मोजमापे कशी तपासावीत

होम थिएटरसाठी रिसीव्हर (ध्वनीवरची प्रक्रिया आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात असलेले यंत्र) किंवा प्रोसेसर (तेच काम करणारे, पण आत अ‍ॅम्प्लिफायर नसलेले यंत्र) निवडताना ग्राहकापुढे दोन प्रकारचे आकडे येतात. पहिले कंपनीच्या माहितीपत्रकातले असतात आणि त्यांत वॉटचा आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो. दुसरे स्वतंत्र चाचणी करणाऱ्यांनी अचूक उपकरणांवर घेतलेले असतात आणि त्यांत बहुधा ‘सिनॅड’ या एकाच आकड्यावरून क्रमवारी लावलेली असते. दोन्ही आकडे खरे असूनही दोन्हींवरून चुकीचा निष्कर्ष निघू शकतो, कारण ज्या परिस्थितीत मोजमाप घेतले ती परिस्थिती आकड्याबरोबर वाचली जात नाही. मोजमापे पाहिल्याशिवाय लाखाच्या घरातली वस्तू घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मात्र प्रत्येक आकडा कोणत्या व्होल्टेजला, कोणत्या मोडमध्ये आणि कोणत्या भारावर (म्हणजे किती ओहमच्या स्पीकरवर) मिळाला हे आधी पाहावे, त्याचा आपल्या खोलीतला अर्थ काढावा आणि मगच त्याला किती वजन द्यायचे ते ठरवावे, असेही माझे तितकेच ठाम मत आहे. पुढील मांडणी याच क्रमाने केली आहे.

सिनॅड म्हणजे मूळ सिग्नल आणि यंत्राने त्यात स्वतःकडून मिसळलेला नॉइज (नको असलेला आवाज) व डिस्टॉर्शन (सिग्नलची विकृती) यांचे गुणोत्तर होय. ते डेसिबेलमध्ये सांगतात आणि जितके मोठे तितके चांगले असते. टक्क्यांत बोलायचे तर ४० डेसिबेल म्हणजे १ टक्का, ६० म्हणजे ०.१ टक्का, ८० म्हणजे ०.०१ टक्का आणि १०० म्हणजे ०.००१ टक्का. एखाद्या चाचणीत ‘सिनॅड ९५’ असे दिसले, तर नॉइज आणि डिस्टॉर्शन मिळून मूळ सिग्नलच्या दोन हजारांश टक्क्याहूनही कमी आहेत असा त्याचा अर्थ होतो. तुलनेसाठी दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. सीडीच्या १६ बिट ध्वनीची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ९८ डेसिबेल आहे, त्यामुळे जो प्रोसेसर त्या पातळीला पोहोचतो तो सीडीच्या दर्जाला उणेपणा आणत नाही. दुसरी खूण स्पीकरची आहे. बऱ्यापैकी चांगला स्पीकरसुद्धा मोठ्या आवाजात मधल्या स्वरांत ०.३ ते १ टक्का आणि खर्जात त्याहून बरेच अधिक डिस्टॉर्शन निर्माण करतो. म्हणजे साखळीतला शेवटचा दुवा बहुतेक वेळा ४० ते ५० डेसिबेलच्या आसपासच असतो.

ही दुसरी खूण पाहून ‘मग रिसीव्हरचा आकडा कशाला पाहायचा’ असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. स्पीकरचे डिस्टॉर्शन मुख्यतः खालच्या क्रमाच्या हार्मोनिकांचे (मूळ स्वराच्या पटीतल्या स्वरांचे) असते आणि मूळ स्वर ते बऱ्याच अंशी झाकून टाकतो. अ‍ॅम्प्लिफायर क्लिप झाल्यावर (मर्यादा संपून सिग्नलची टोके छाटली गेल्यावर) निर्माण होणारे वरच्या क्रमाचे घटक, दोन स्वरांच्या मिश्रणातून उगवणारे परके स्वर आणि शांत प्रसंगात ऐकू येणारा हिस्स (‘स्स्स’ असा आवाज) किंवा गुणगुण यांना असे झाकण मिळत नाही. म्हणून एकूण आकड्यापेक्षा तो आकडा कशामुळे घसरला आहे हे अधिक महत्त्वाचे असते. तो नॉइजमुळे घसरला असेल तर उपाय वेगळा, डिस्टॉर्शनमुळे घसरला असेल तर वेगळा.

आधी व्होल्टेज पाहावे

प्री-आउटची (बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर जोडण्यासाठी असलेल्या आउटपुटची) मोजणी करताना साध्या आरसीए जोडणीसाठी २ व्होल्ट आणि बॅलन्स्ड एक्सएलआर जोडणीसाठी ४ व्होल्ट ही पातळी रूढ आहे. सीडी प्लेअर आणि स्वतंत्र डॅक (डिजिटल ध्वनी अ‍ॅनालॉग करणारे यंत्र) यांच्या बाबतीत ती योग्यच आहे. रिसीव्हरच्या बाबतीत मात्र ती कधी कधी अन्यायकारक ठरते आणि कधी कधी नेमका दोष उघड करते. यासाठी थोडे गणित करावे लागते. बहुतेक पॉवर अ‍ॅम्प्लिफायरांचा गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) २६ ते २९ डेसिबेलच्या दरम्यान असतो. २९ डेसिबेल म्हणजे सुमारे २८ पट. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट देण्यासाठी २८.३ व्होल्ट लागतात, म्हणजेच अशा अ‍ॅम्प्लिफायरला रिसीव्हरकडून केवळ १ व्होल्ट पुरतो. गेन २६ डेसिबेल असेल तर १.४ व्होल्ट लागतात. ज्याच्याकडे २९ डेसिबेल गेनचा १०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्याच्या दृष्टीने २ व्होल्टवर रिसीव्हर बिघडतो की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथवर तो कधी जाणारच नाही. उलट कमी गेनचा आणि २०० वॉटहून मोठा अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा असेल, तर २ व्होल्टच्या पलीकडचे वर्तनही तपासलेच पाहिजे.

म्हणून एका सुट्या आकड्याऐवजी ‘आउटपुट व्होल्टेजनुसार डिस्टॉर्शन’ हा आलेख शोधावा. रिसीव्हरबद्दल इतके सांगणारा दुसरा आलेख मला माहीत नाही. त्यात आडव्या अक्षावर व्होल्टेज आणि उभ्या अक्षावर नॉइजसह डिस्टॉर्शन असते. रेषा सुरुवातीला डावीकडून उजवीकडे सरळ उतरत जाते. या भागात नॉइज तेवढाच राहतो आणि सिग्नल वाढत जातो, म्हणून गुणोत्तर सुधारते. पुढे एका ठिकाणी रेषा सपाट होते आणि मग एकदम वर उसळते. तो उसळीचा बिंदू आपल्या गरजेच्या व्होल्टेजच्या उजवीकडे आहे ना, एवढे पाहिले की निम्मे काम झाले.

अनेक रिसीव्हरांत ही उसळी १.२ ते १.५ व्होल्टच्या सुमारास येते आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्री-आउट आणि आतला पॉवर अ‍ॅम्प्लिफायर यांना सिग्नल एकाच ठिकाणाहून मिळतो. आपण बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर वापरत असलो तरी आतला अ‍ॅम्प्लिफायर चालूच असतो. सिग्नल वाढला की तो क्लिप होतो आणि त्याचा उपद्रव वीजपुरवठ्यातून व सामाईक जोडणीतून प्री-आउटपर्यंत परत येतो. त्यामुळे काही निर्मात्यांनी आतले अ‍ॅम्प्लिफायर सिग्नलपासून तोडण्याची सोय दिली. २०२० सालच्या डेनॉन एव्हीआर-एक्स३७००एच या मॉडेलमधला प्री-अ‍ॅम्प्लिफायर मोड हे त्याचे परिचित उदाहरण आहे. अशा यंत्राची मोजणी वाचताना तो मोड चालू होता की बंद हे पाहिल्याशिवाय दुसऱ्या यंत्राशी तुलना करू नये. स्वतंत्र प्रोसेसरांत आतले अ‍ॅम्प्लिफायर नसल्यामुळे ही अडचण येत नाही. तरीही तिथे उसळी लवकर दिसली, तर ती आउटपुट टप्प्याच्या रचनेतली उणीव मानावी आणि प्रोसेसरच्या किमतीत ती माफ करू नये.

शांततेचा हिशेब

होम थिएटरमध्ये आवाज फार क्वचित पूर्ण पातळीवर असतो. म्हणून कमाल पातळीवरच्या सिनॅडइतकाच, माझ्या मते त्याहूनही जास्त, उरलेला नॉइज महत्त्वाचा आहे. तो मायक्रोव्होल्टमध्ये दिलेला असतो, किंवा तो काढता येतो. २ व्होल्टवर नॉइजसाठीचे गुणोत्तर १०० डेसिबेल असेल, तर नॉइज २० मायक्रोव्होल्ट आहे. आता तो खोलीत किती ऐकू येईल ते पाहू. समजा, प्री-आउटवर ५० मायक्रोव्होल्ट नॉइज आहे आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचा गेन २९ डेसिबेल आहे. स्पीकरच्या टोकांवर सुमारे १.४ मिलिव्होल्ट पोहोचतील. २.८३ व्होल्टला एक मीटरवर ८७ डेसिबेल देणारा स्पीकर एवढ्या व्होल्टेजला एक मीटरवर सुमारे २१ डेसिबेल देईल. छताचा पंखा फिरणाऱ्या शहरी फ्लॅटमधली पार्श्वभूमी ४० डेसिबेलच्या आसपास असते, तिथे हा हिस्स कुणालाही ऐकू येणार नाही. पण तोच नॉइज १०० डेसिबेल संवेदनशीलतेच्या हॉर्न स्पीकरवर ३४ डेसिबेल होईल आणि आवाज कोंडून खास बांधलेल्या खोलीत पुढच्या रांगेला स्पष्ट ऐकू येईल. रिसीव्हर तोच, आकडाही तोच, आणि तरी एका घरी तो निर्दोष ठरतो तर दुसऱ्या घरी त्रासदायक होतो. संवेदनशील स्पीकर घेतलेल्या मंडळींनी या ओळी विशेष लक्षपूर्वक वाचाव्यात.

नॉइजच्या संदर्भात आलेखांची एक फसगत टाळावी. वारंवारतेनुसार काढलेल्या एफएफटी आलेखात तळाची रेषा उणे १४० डेसिबेलवर दिसली, म्हणजे यंत्राचा नॉइज तेवढा खाली आहे असे नव्हे. एफएफटी एकूण नॉइज हजारो लहान पट्ट्यांत वाटून दाखवते. ६५,५३६ बिंदूंची एफएफटी वापरली, तर तळ प्रत्यक्ष एकूण नॉइजपेक्षा सुमारे ४५ डेसिबेल खाली दिसतो. १६ बिटच्या सिग्नलचा तळसुद्धा अशा आलेखात उणे १४३ च्या जवळ दिसतो, तो याच कारणाने. त्यामुळे दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या आलेखांचे तळ एकमेकांशी ताडून पाहू नयेत. त्या आलेखातून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे: तळातून वर आलेले सुळके. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेवरचे सुळके हार्मोनिक असतात. अगदी डावीकडचे सुळके वीजपुरवठ्याचे असतात, आणि कशाच्याही पटीत न बसणारे सुळके डिजिटल भागाच्या किंवा स्विचिंग पुरवठ्याच्या गळतीचे असण्याची शक्यता असते.

आलेखाचा उभा अक्षही वाचावा. वारंवारता प्रतिसादाचा आलेख अधिक-उणे अर्ध्या डेसिबेलच्या पट्टीवर काढला तर निरुपद्रवी उतारही कड्यासारखा भासतो आणि पन्नास डेसिबेलच्या पट्टीवर काढला तर खरा दोषही लपतो.

बाकीच्या चाचण्या किती वजनाच्या

जिटरच्या (डिजिटल घड्याळाच्या ठोक्यांतल्या सूक्ष्म अनियमिततेच्या) चाचणीत एचडीएमआयवरून ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंगला १२ किलोहर्ट्झचा एक स्वर देतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उगवणारे छोटे सुळके पाहतात. एचडीएमआयमध्ये ध्वनीचे घड्याळ चित्राच्या घड्याळावरून पुन्हा तयार करावे लागते, म्हणून ही जोडणी ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सिअलपेक्षा अधिक परीक्षा घेते. सुळके उणे १०० डेसिबेलच्या खाली असतील तर पुढे जावे, कारण मूळ स्वराच्या इतक्या जवळचे आणि इतके मंद घटक कानाला वेगळे कळत नाहीत. लिनिअरिटीची चाचणी फार मंद सिग्नल किती अचूकतेने येतो हे सांगते. उणे १०० डेसिबेलपर्यंत रेषा सरळ असेल तर तक्रारीला जागा नाही. एकाच स्वराऐवजी अनेक स्वर एकदम देऊन केलेली मल्टिटोन चाचणी संगीताच्या अधिक जवळची असते आणि १९ व २० किलोहर्ट्झ एकत्र देऊन केलेली इंटरमॉड्युलेशन चाचणी वरच्या पट्टीतला दोष दाखवते, जो १ किलोहर्ट्झच्या सिनॅडमधून कधीच दिसत नाही.

अ‍ॅनालॉग इनपुटकडे स्वतंत्रपणे पाहावे. रेकॉर्ड प्लेअर किंवा बाहेरचा डॅक जोडल्यास रिसीव्हर तो सिग्नल बहुतेक मोडमध्ये प्रथम डिजिटल करतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग पुन्हा अ‍ॅनालॉग करतो. रिसीव्हरमधला डिजिटल करणारा भाग हा अनेकदा सर्वांत सामान्य दर्जाचा असतो. महागडा बाहेरचा डॅक अशा इनपुटला जोडून केलेला खर्च, डायरेक्ट मोड (ज्यात सिग्नल डिजिटल न होता थेट पुढे जातो) वापरला नाही तर, जवळजवळ वाया जातो.

वॉटचा आकडा

अमेरिकेत १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅम्प्लिफायरच्या शक्तीच्या दाव्यांसाठी नियम केला, कारण तेव्हाही मनमानी आकडे छापले जात होते. २०२४ मध्ये तो सुधारण्यात आला. त्यानुसार घोषित आकडा ८ ओहमच्या भारावर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात आणि १ टक्क्यापेक्षा कमी डिस्टॉर्शनसह मिळालेला असावा लागतो. आपल्याकडच्या खोक्यांवर छापलेला आकडा बहुधा असा नसतो. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन, एकच चॅनेल चालू’ अशी बारीक अक्षरांतली तळटीप शोधली की सापडते. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर केव्हाच क्लिप झालेला असतो. अशा १८० वॉटच्या आकड्यापेक्षा ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल, ०.०८ टक्के, १०५ वॉट’ असा आकडा कितीतरी अधिक प्रामाणिक असतो. दोन्ही आकडे एकाच यंत्राचे असू शकतात.

मोजलेल्या शक्तीच्या आलेखात पुन्हा तो उसळीचा बिंदूच पाहावा, मात्र ८ आणि ४ अशा दोन्ही ओहमांवर. ४ ओहमवर शक्ती वाढते की संरक्षण यंत्रणा मध्येच यंत्र बंद करते, हे खऱ्या स्पीकरांसाठी महत्त्वाचे आहे, कारण ‘८ ओहम’ म्हणून विकला जाणारा स्पीकरही काही वारंवारतांवर ४ ओहमच्या जवळ उतरतो. इथेच आणखी एक सूचना करावीशी वाटते. काही रिसीव्हरांत स्पीकरचा इम्पीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत विरोध) निवडण्याचा पर्याय असतो. तो ४ ओहमवर ठेवल्यास यंत्र बहुधा उपलब्ध व्होल्टेजच कमी करते, म्हणजे उष्णता कमी होते पण शक्तीही घटते. चाचणीत हा पर्याय कसा ठेवला होता आणि वीज वाचवणारा इको मोड बंद होता का, याची नोंद नसेल तर त्या आकड्यावर फार विसंबू नये.

सर्व चॅनेल एकदम चालवल्यास शक्ती किती उरते, यावर ग्राहक फार वाद घालतात. पाच चॅनेलांवर ती ७० टक्क्यांवर आली, तर फरक दीड डेसिबेलचा असतो आणि कानाला तो जेमतेम जाणवतो. शिवाय चित्रपटाच्या ध्वनीत सरासरी पातळी शिखरांपेक्षा बरीच खाली असते आणि सातही चॅनेलांत एकाच क्षणी अखंड शिखर येत नाही. म्हणून या चाचणीला मी दुय्यम मानतो. यंत्राच्या मागच्या पट्टीवरचा वीजवापराचा आकडा पाहून शक्तीचा हिशेब करणेही चुकीचे आहे, कारण सुरक्षा मानकाप्रमाणे तो बहुधा कमाल शक्तीच्या एक अष्टमांशावर मोजलेला असतो.

मग आपल्याला किती वॉट लागतात? सिनेमाच्या संदर्भ पातळीला (सिनेमागृहासाठी ठरलेल्या प्रमाण आवाजाला) मुख्य चॅनेलांची शिखरे श्रोत्याच्या जागी १०५ डेसिबेल आणि एलएफई (फक्त खर्जासाठीच्या) चॅनेलची ११५ डेसिबेल असतात. ८७ डेसिबेलचा स्पीकर तीन मीटर अंतरावर असेल आणि खोलीच्या परावर्तनांची मदत मोजली नाही, तर १०५ डेसिबेलसाठी सुमारे ५६० वॉट लागतील, जे कोणताही सामान्य रिसीव्हर देऊ शकत नाही. परंतु घरात बहुतेक जण संदर्भ पातळीपेक्षा १० डेसिबेल किंवा त्याहून कमीवर चित्रपट पाहतात आणि तिथे गरज ५६ वॉटवर येते. या एका उदाहरणातून दिसते की ९० आणि ११० वॉटमधला फरक एक डेसिबेलहूनही कमी असतो, आणि तो निवडीचा निकष होऊ शकत नाही. पाच डेसिबेल अधिक संवेदनशील स्पीकर मात्र वॉटची गरज तिपटीने कमी करतो.

सबवूफरचे आउटपुट आणि रूम करेक्शन

सबवूफरच्या (फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरच्या) आउटपुटची तपासणी फार थोडे लोक करतात आणि मला हे खटकते, कारण होम थिएटरमध्ये डिजिटल बेरीज सर्वांत धोक्याची तिथेच होते. स्पीकर ‘स्मॉल’ ठेवल्यावर प्रत्येक चॅनेलचा खर्ज सबवूफरकडे वळतो आणि त्यात एलएफई चॅनेल १० डेसिबेल वाढवून मिसळला जातो. पाच मुख्य चॅनेलांत एकच खर्ज पूर्ण पातळीवर आला आणि एलएफईही पूर्ण असला, तर बेरीज एका चॅनेलपेक्षा सुमारे १८ डेसिबेल वर जाते. सात चॅनेलांसाठी ती २० डेसिबेल होते. असा ध्वनी प्रत्यक्षात दुर्मीळ असतो, पण त्याच्या निम्म्यापर्यंत पोहोचणारे प्रसंग येतात. चांगल्या रचनेत या बेरजेसाठी आत पुरेशी जागा राखलेली असते आणि आउटपुटही तेवढे व्होल्टेज देऊ शकते. चाचणी साधी आहे: सर्व चॅनेलांत ४० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा स्वर देऊन, व्हॉल्यूम आपल्या नेहमीच्या जागेपर्यंत वाढवत, सबवूफर आउटपुटवर डिस्टॉर्शन कुठे उसळते ते पाहायचे. आपल्या व्हॉल्यूमच्या आत उसळी दिसली, तर रिसीव्हरमधली सबवूफरची पातळी खाली आणून सबवूफरवरचा गेन वाढवावा. कधी कधी एवढ्यानेच आउटपुट टप्प्यातली अडचण मिटते.

आता रूम करेक्शन, म्हणजे खोलीमुळे बिघडणारा आवाज दुरुस्त करणारी यंत्रातली सोय. बहुतेक मोजमापे ते बंद ठेवून घेतलेली असतात, आणि बहुतेक लोक ते चालू ठेवून ऐकतात. साधारण खोलीत ३०० हर्ट्झच्या खाली भिंतींमुळे प्रतिसादात दहा डेसिबेलहून मोठे चढउतार होतात. त्यांच्यापुढे ९० आणि १०० सिनॅडमधला फरक नगण्य आहे. म्हणून समान किमतीच्या दोन यंत्रांत एकाचे सिनॅड पाच डेसिबेल चांगले आणि दुसऱ्याचे रूम करेक्शन व बेस मॅनेजमेंट (खर्ज सबवूफरकडे वळवण्याची व्यवस्था) चांगले असेल, तर मी निःसंकोच दुसरे निवडण्याचा सल्ला देईन. ऑडिसी मल्टईक्यू एक्सटी३२, स्वीडनची डिराक लाइव्ह, यामाहाची वायपाओ, अँथमची एआरसी या पद्धती सारख्या नाहीत. करेक्शन किती वारंवारतेपर्यंत मर्यादित ठेवता येते, लक्ष्यरेषा (हवा तो प्रतिसाद दाखवणारी रेषा) हाताने बदलता येते का आणि एकापेक्षा जास्त सबवूफर स्वतंत्रपणे जुळवता येतात का, हे प्रश्न विकत घेण्यापूर्वी विचारावेत.

करेक्शनची किंमतही मोजली पाहिजे. ऑडिसी एखाद्या खड्ड्यात ९ डेसिबेलपर्यंत वाढ करू शकते आणि ९ डेसिबेल म्हणजे त्या वारंवारतेवर आठपट शक्ती. वर काढलेले ५६ वॉट तिथे ४५० होतात. काही पद्धती वाढीसाठी जागा राखायला एकूण पातळी खाली आणतात, त्यामुळे तेवढाच आवाज मिळवण्यासाठी व्हॉल्यूम वाढवावा लागतो आणि कमाल आउटपुट लवकर गाठले जाते. शिवाय अनेक रिसीव्हर करेक्शन चालू असताना सर्व ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर आणतात, म्हणजे २४ किलोहर्ट्झच्या वरचे सर्व काही गळते. कानाला त्याने फरक पडत नाही, पण १९२ किलोहर्ट्झच्या फाइलींसाठी जास्त पैसे मोजणाऱ्याला हे माहीत असावे.

आपल्या वीजपुरवठ्याचा परिणाम

बरीच मोजमापे अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर घेतलेली असतात. त्यांतले वीजपुरवठ्याचे सुळके ६०, १२०, १८० हर्ट्झवर दिसतात, आपल्याकडे ते ५०, १०० आणि १५० वर येतील. हा फरक गौण आहे, व्होल्टेजचा नाही. रिसीव्हरच्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला मिळणारे व्होल्टेज बहुधा नियंत्रित नसते, ते भिंतीतल्या व्होल्टेजबरोबर खालीवर होते. संध्याकाळी २३० चे २०० व्होल्ट झाले, तर उपलब्ध कमाल शक्ती सुमारे २४ टक्क्यांनी घटते. उन्हाळ्यात नागपूर किंवा जळगावच्या घरी ४० अंशांवर, काचेच्या कपाटात कोंबलेला रिसीव्हर प्रयोगशाळेतल्यापेक्षा लवकर तापतो आणि स्वतःला आवर घालतो. वरच्या बाजूला मोकळी जागा ठेवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

अमेरिकेतून परतणारी मराठी कुटुंबे तिथला रिसीव्हर सोबत आणून तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवतात. स्टेप-डाउनमुळे व्होल्टेज बदलते, वारंवारता बदलत नाही. केवळ ६० हर्ट्झसाठी रचलेल्या आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात ५० हर्ट्झवर चुंबकीय फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे तो गुणगुणू आणि तापू शकतो. मागच्या पट्टीवर ‘५०/६० हर्ट्झ’ लिहिले आहे का ते पाहूनच असे यंत्र आणावे. आणि स्पीकरमधून येणारी गुणगुण डिश अँटेनाची किंवा केबलची तार काढल्यावर थांबली, तर दोष रिसीव्हरचा नसून अर्थ लूपचा (वेगवेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगमधून तयार होणाऱ्या वळणाचा) आहे.

घरी मोजायचे असल्यास

ऑडिओ प्रिसिजनसारखी उपकरणे सामान्य माणसाच्या आवाक्यात नाहीत, पण चांगले यूएसबी साउंड कार्ड आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर प्री-आउटची उपयुक्त मोजणी होते. प्रथम साउंड कार्डचे आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून त्याची स्वतःची मर्यादा नोंदवावी, कारण त्याहून चांगला आकडा ते कशाचाही दाखवू शकणार नाही. मग संगणक एचडीएमआयने रिसीव्हरला जोडून दोन चॅनेल पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल ध्वनी) पाठवावे, रूम करेक्शन, डायनॅमिक व्हॉल्यूम आणि टोन बंद करावेत, स्पीकर ‘लार्ज’ आणि चॅनेलांची पातळी शून्यावर ठेवावी. साध्या मल्टिमीटरने व्होल्टेज बघायचे असल्यास १ किलोहर्ट्झऐवजी १०० हर्ट्झचा स्वर वापरावा, कारण स्वस्त मीटर चारशे हर्ट्झच्या वर विश्वसनीय नसतात. त्यानंतर १ किलोहर्ट्झ देऊन आवाज एकेक डेसिबेलने वाढवत नेला की उसळीचा बिंदू आपोआप दिसतो. साउंड कार्डचे इनपुट २ व्होल्टला ओव्हरलोड होत नाही ना, हे त्याच्या माहितीपत्रकात आधी पाहून घ्यावे.

स्पीकरची टोके साउंड कार्डला थेट कधीही जोडू नयेत. तिथे तीस व्होल्टपर्यंत दाब असू शकतो आणि काही अ‍ॅम्प्लिफायरांचे ऋण टोकही जमिनीपासून अलग असते, त्यामुळे साउंड कार्ड आणि रिसीव्हर दोन्ही जळण्याचा धोका आहे. पॉवरची मोजणी योग्य भार आणि योग्य विभाजक हाताशी असणाऱ्यांनीच करावी.

शेवटी, जे मोजमाप वाचतो आहोत ते आपण विकत घेणाऱ्या यंत्राचेच आहे का, हे तपासावे. २० ऑक्टोबर २०२० रोजी जपानमधील नोबेओका येथील असाही कासेईच्या चिप कारखान्याला आग लागली. त्यांच्या डॅक चिपांवर अनेक रिसीव्हर अवलंबून होते, म्हणून पुढे काही निर्मात्यांना दुसऱ्या कंपनीच्या चिप घेऊन सर्किट बोर्डाची रचना बदलावी लागली, आणि मोजमापेही त्याबरोबर बदलली. फर्मवेअरच्या सुधारणेनेही बेस मॅनेजमेंटचे वर्तन बदलू शकते. चाचणीची तारीख, त्या वेळचे फर्मवेअर आणि आपल्या यंत्राच्या निर्मितीचा महिना या तीन नोंदी शेजारी शेजारी लिहाव्यात, आणि त्या जुळत नसतील तर नव्या तुकडीची चाचणी मिळेपर्यंत जुन्या आकड्यांवरून पैसे देऊ नयेत.